विनयभंग कुणाचा झाला हे छापतो, कुणी केला हे का नाही?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी आहे त्यांनी तर वाचाच, आणि ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारा मुलगा आहे त्यांनी आधी वाचा.

‘महाविद्यालयीन तरुणीचा विनयभंग’. हा मथळा वर्षातून किती वेळा तुमच्या डोळ्यांखालून जातो, आठवून बघा. चार शब्दही नाहीत, तीनच. त्यात तरुणी आहे, कॉलेज आहे, आणि जे मोडलं ते तिचं मोडलं असं सांगणारा शब्द आहे. मोडणारा कुठे आहे? मथळ्यात नाही. पुष्कळदा पहिल्या परिच्छेदातही नाही. तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी ‘एका इसमाने’ म्हणून तो येतो आणि जातो.

वीस-बावीस वर्षं या धंद्यात काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. वाचक बातमी विसरतो, पण बातमीने शिकवलेला प्रश्न विसरत नाही. मथळ्यात फक्त मुलगी असेल तर पारावरचा प्रश्न मुलीबद्दलच असतो. कोणाची? कुठली? तिथे कशाला गेली होती? मथळ्यात प्राध्यापक असेल तर प्रश्न बदलतो. कोण तो? किती वर्षं आहे तिथे? आधी काही तक्रार होती का? घटना तीच, गाव तेच, चर्चा मात्र वेगळी. हे आपोआप होत नाही. ते वाक्याच्या रचनेतून होतं.

मराठीत कर्ता गाळून वाक्य करणं फार सोपं आहे. ‘तिच्यावर अत्याचार झाला.’ जणू पाऊस झाला, अपघात झाला. ‘त्याने अत्याचार केला’ म्हणायला कायद्याची अडचण असते, ती मान्य. गुन्हा सिद्ध व्हायचा असतो. पण ‘अत्याचार केल्याच्या तक्रारीवरून प्राध्यापकावर गुन्हा’ असं लिहायला कुठला कायदा आडवा येतो? कुठलाच नाही. त्यात कर्ता आहे, तक्रार आहे, पोलिसांनी काय केलं तेही आहे, आणि आरोपीवर निकाल दिलेला नाही.

ही नुसती शब्दांची कीस काढणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांच्यासाठी चेन्नईचं प्रकरण सांगतो.

२३ डिसेंबर २०२४. अण्णा विद्यापीठाचा परिसर, संध्याकाळची वेळ. इंजिनिअरिंगची १९ वर्षांची विद्यार्थिनी आपल्या मित्रासोबत बोलत बसली होती. बाहेरचा एक माणूस आला, दोघांना धमकावलं, मित्राला हुसकावून लावलं आणि मुलीवर लैंगिक अत्याचार केला. मुलगी धीराची, तिने तक्रार दिली. यानंतर झालं काय, तर तिच्या तक्रारीचा एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवरून लोकांच्या हाती लागला. त्यात तिचं नाव, पत्ता, सगळं. काही तासांत तो फोनाफोनी फिरत होता. तांत्रिक बिघाड झाला, असा खुलासा नंतर आला.

मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तीन महिला आयपीएस अधिकाऱ्यांचं विशेष तपास पथक नेमलं, मुलीला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला सांगितलं, आणि विद्यापीठाने तिचं पुढचं शिक्षण मोफत करावं असा आदेश दिला. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं न्यायालयाने वेगळंच म्हटलं. एफआयआर फुटला हा एक गुन्हा, पण तो ज्या भाषेत लिहिला होता ती भाषाच पीडितेला दोष देणारी आहे, असं न्यायमूर्तींनी सुनावलं. ती मित्रासोबत का होती, तिथे का बसली होती, हा तपासाचा विषय नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं. पुढे मे २०२५ मध्ये आरोपी दोषी ठरला आणि २ जूनला त्याला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षं तुरुंगातून सुटका नाही अशी. म्हणजे जिच्या तक्रारीची भाषा तिच्यावरच उलटवली गेली होती, तिचं म्हणणं पाच-सहा महिन्यांत न्यायालयात टिकलं.

आता हे आपल्या तालुक्याला लावून बघा. आमच्याकडे गुन्ह्याची बातमी कशी तयार होते, हे बऱ्याच वाचकांना माहीत नसतं. रात्री आठच्या सुमाराला पोलिसांची प्रेस नोट व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते. पान साडेनऊला सुटायचं असतं. बातमीदाराला कॉलमवर पैसे मिळतात, तेही तीन-तीन महिने थकलेले. प्रेस नोट एफआयआरवरून आलेली असते, एफआयआर ठाणे अंमलदाराच्या भाषेत असतो. ‘यातील नमूद आरोपीने फिर्यादी हिच्याशी ओळख वाढवून, तिला प्रेमाचे जाळ्यात ओढून, तिच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले.’ ही भाषा फिर्यादी मुलीची नाही. ती असं बोललीच नसेल. ती म्हणाली असेल, सरांनी माझा हात धरला, मी सोडवला, त्यांनी दार लावलं. त्या साध्या बोलण्याचं ठाण्यात ‘कृत्य’ होतं, आमच्याकडे येऊन त्याचा ‘अतिप्रसंग’ होतो, आणि पोर्टलवर जाता जाता ‘लगट’ किंवा ‘अश्लील चाळे’ होतं. तीन हातांतून गेल्यावर मुलीचं म्हणणं कुठे राहतं?

आपले नेहमीचे शब्द एकदा नीट बघू या.

‘छेडछाड’. ऐकायलाच गंमत वाटते. सिनेमातल्या गाण्यासारखी. प्रत्यक्षात मुलीच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला तर जुन्या दंडसंहितेत कलम ३५४ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ७४ आहे, आणि शिक्षा एक ते पाच वर्षं आहे. पाठलाग करणं, म्हणजे नको म्हटल्यावरही मागे लागणं आणि मेसेज करत राहणं, हा कलम ७८ चा वेगळा गुन्हा आहे. लपून फोटो-व्हिडिओ काढणं हा ७७ चा. कायद्याने तीन वेगळी नावं दिली, आपण तिन्हीला ‘छेडछाड’ म्हणून मोकळे होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिकाच काढली, की निकालपत्रांत बायकांबद्दल कुठले शब्द वापरू नका आणि त्याऐवजी कुठले वापरा. त्यात ‘ईव्ह टीझिंग’ला सरळ ‘रस्त्यावरचा लैंगिक छळ’ म्हणा असं सांगितलं आहे. न्यायाधीशांना शब्द बदलायला सांगितले गेले. आपण बदलायला हरकत काय?

‘विनयभंग’. कायद्याच्या मराठीत रुळलेला शब्द आहे, कलमाचं नाव म्हणून येणारच. पण मथळ्यात तोच का लागतो? त्यात काय घडलं ते कळतच नाही. नुसती शिट्टी मारली की दार लावून अंगावर धावून गेला, दोन्हीला एकच शब्द. वाचक मग आपापल्या मनाने अंदाज बांधतो, आणि बहुतेक वेळा कमीच बांधतो.

‘एकतर्फी प्रेमातून’. या शब्दाचा मला खरंच राग येतो. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका मुलीला जाळलं गेलं. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकलं गेलं, आठवडाभराने ती गेली. मधे तीस वर्षं. राज्य बदललं, फोन आले, कायदे आले. मथळा तोच राहिला, ‘एकतर्फी प्रेमातून’. प्रेम? जिने नाही म्हटलं तिला जाळणं याला प्रेमाची कुठलीही तर्फ नसते. ‘नकार दिला म्हणून जाळलं’ असं लिहा ना. शब्द कमी लागतात आणि खरंही आहे. अकरावीतलं पोरगं तो मथळा वाचतं आणि त्याच्या डोक्यात बसतं, की प्रेमाची एक जात अशीही असते. हिंगणघाटच्या आरोपीला फेब्रुवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली. न्यायालयाने त्याला प्रेम म्हटलं नाही, खून म्हटलं.

‘नराधम’. हा शब्द मुलीच्या बाजूचा वाटतो. लिहिणाऱ्याचा संताप त्यातून दिसतो. पण त्याने होतं काय? अत्याचार करणारा म्हणजे कुणीतरी राक्षस, लाल डोळ्यांचा, अंधारात दबा धरलेला, असं चित्र उभं राहतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२१ ची आकडेवारी बघा. देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले आणि त्यातल्या सुमारे ९६ टक्के प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा होता. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक, ओळखीपाळखीतला. कॉलेजात तो चांगला शिकवणारा असू शकतो, एनएसएसच्या शिबिरात पुढे असणारा, गणपतीत वर्गणीची पावती फाडणारा. मग एखादी मुलगी घरी येऊन सरांचं नाव घेते तेव्हा घरचेच म्हणतात, ‘सर? ते तसे नाहीत गं.’ कारण सर नराधमासारखे दिसत नाहीत. आपणच वर्षानुवर्षं नराधमाचा चेहरा रंगवून ठेवलाय, त्यात सरांचा चेहरा बसत नाही.

आणि ‘नामांकित महाविद्यालय’. यावर जरा जास्त बोलतो, कारण इथे आमच्या धंद्याची दुखरी जागा आहे. बातमीत कॉलेजचं नाव नसतं, ‘शहरातील एका नामांकित महाविद्यालयात’ असं असतं. मुलीची ओळख कळू नये म्हणून, असं सांगतात. बरं, मग त्याच बातमीत मुलीचं वय, तिचं गाव, ती कुठल्या वर्षाला आहे, विषय कोणता, हे कसं छापलं जातं? तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्राला मुली असतात दहा-बारा. त्यातली अमुक गावची एकच. नाव छापायचं राहिलं काय? म्हणजे झाकलं कोणाला आणि उघडं पाडलं कोणाला, ते तुम्हीच ठरवा. जून उजाडला की त्याच कॉलेजची पानभर प्रवेशाची जाहिरात येते. जिल्हा पातळीवरचं कुठलंही दैनिक, साप्ताहिक किंवा पोर्टल त्या जाहिरातीवर दोन महिने निघतं. हे उघड सत्य आहे, आमच्यात सगळ्यांना माहीत आहे, लिहीत कुणी नाही.

कायदा मात्र अगदी स्पष्ट आहे. तो कुठून आला तेही आपल्या मातीतलं आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तिचं नाव त्या खटल्याला चिकटलं ते आजतागायत, मी मुद्दाम लिहीत नाही. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्या पत्राने देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीत पीडितेची ओळख जाहीर करणं हा गुन्हा झाला. तेव्हा कलम २२८-अ, आता न्याय संहितेत ७२. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

११ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात आणखी स्पष्ट केलं, की नुसतं नाव नाही, तर जिच्यावरून ती दुरूनही ओळखू येईल अशी कुठलीही माहिती छापायची नाही. मुलगी हयात नसली तरी नाही. त्याच वर्षी कठुआच्या प्रकरणात मुलीचं नाव-फोटो छापले म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख भरायला लावले होते. एवढं होऊनही ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरचं नाव आणि फोटो देशभर फिरले. तिच्यासाठी न्याय मागणारेच फिरवत होते. सर्वोच्च न्यायालयाला २० ऑगस्टला आदेश काढून ते हटवायला सांगावं लागलं. आणि लक्षात घ्या, कलम ७२ मध्ये ‘पत्रकार’ असा शब्द नाही. ‘जो कोणी’ आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन, कॉलेजचा जीएस, पेज चालवणारा भाऊ, सगळे त्यात येतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जानेवारी २०१५ मध्ये ब्रॉक टर्नर नावाच्या विद्यार्थ्याने बेशुद्ध पडलेल्या तरुणीवर अत्याचार केला. सायकलवरून जाणाऱ्या दोन परदेशी विद्यार्थ्यांनी त्याला पकडलं. तिकडच्या बातम्यांत तो काय होता? ‘स्टॅनफर्डचा जलतरणपटू’. फोटो सूट-टाय घातलेला, हसरा. त्या मुलीने पुढे न्यायालयात सांगितलं, की आपल्यासोबत काय झालं याचे तपशील तिला स्वतःला बातमीतून कळले आणि त्याच बातमीच्या शेवटी त्याने पोहण्याच्या शर्यतीत नोंदवलेली वेळ दिली होती. ज्यूरीने तिन्ही आरोपांत दोषी ठरवलं, न्यायाधीशांनी सहा महिने दिले, तो तीन महिन्यांत बाहेर आला. लोक इतके चिडले की २०१८ मध्ये मतदानाने त्या न्यायाधीशांना घरी पाठवलं. २०१९ मध्ये शनेल मिलर हे आपलं नाव तिने स्वतःच्या मर्जीने जाहीर केलं, पुस्तक लिहिलं. नाव सांगायचं की नाही, हे तिने ठरवलं. वर्तमानपत्राने नाही.

आपल्याकडेही हे चालतंच. ‘गुणवंत विद्यार्थी’, ‘प्रतिष्ठित घराण्यातील तरुण’, ‘करिअर उद्ध्वस्त’. मुलाचं करिअर मोजायला आपण बसतो. ती मुलगी परीक्षेला बसली का, होस्टेल सोडून गेली का, याची फॉलोअप बातमी कुणी केलेली आठवते?

आता कमेंटमध्ये जे येणार ते आधीच घेतो. ‘खोट्या केसेस पण असतात की, भाऊ.’ असतात. आणि पत्रकाराने डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मी म्हणतच नाही. अमेरिकेतल्याच ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराची मोठी कहाणी छापली. लेखिकेने तक्रारदार मुलीच्या मित्रमैत्रिणींना साधा फोन केला नव्हता, आरोपी म्हणून ज्याच्याकडे बोट होतं तो कोण हेही पक्कं केलं नव्हतं. कहाणी टिकली नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने चिरफाड केली आणि एप्रिल २०१५ मध्ये मासिकाला लेख मागे घ्यावा लागला. नुकसान कोणाचं झालं? ज्यांच्यावर आरोप झाले त्यांचं झालंच, पण त्यानंतर तक्रार द्यायला निघालेल्या प्रत्येक मुलीचंही झालं. तेव्हा तपासून लिहिणं हे मुलीच्या विरोधात नाही, तिच्याच बाजूचं आहे.

तपासणं वेगळं आणि संशय पेरणं वेगळं. ‘तिने तक्रारीत म्हटलं आहे’ हे सरळ आहे. ‘तिचा दावा आहे’ यात भुवई वर गेलेली आहे. ‘ती त्याच्यासोबत गेल्याची तिने कबुली दिली’ यात तर तीच आरोपी झाली. कबुली गुन्हेगार देतो. चोरीच्या बातमीत आपण लिहितो का, ‘घरमालकाने कुलूप साधं असल्याची कबुली दिली’?

एक नमुना करून दाखवतो. घटना काल्पनिक आहे, भाषा मात्र तुमच्या ओळखीची असेल.

‘शहरातील एका नामांकित महाविद्यालयात शिकणाऱ्या अमुक गावच्या १९ वर्षीय तरुणीवर प्राध्यापकाकडून अतिप्रसंग झाल्याची खळबळजनक घटना उघडकीस आली आहे. गुण वाढवून मिळतील या आमिषाने तरुणी सायंकाळी एकटीच प्रयोगशाळेत गेली असता हा प्रकार घडला. या घटनेने पालकवर्गात चिंतेचे वातावरण पसरले आहे.’

आता हीच घटना अशी लिहू.

‘प्रात्यक्षिकाच्या गुणांवरून धमकावून विद्यार्थिनीचा लैंगिक छळ केल्याच्या तक्रारीवरून प्राध्यापकावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे. गुणांबाबत बोलायचे असल्याचे सांगून प्राध्यापकाने विद्यार्थिनीला प्रयोगशाळेत बोलावून घेतले, असे तक्रारीत म्हटले आहे. प्राध्यापकाने आरोप नाकारले आहेत. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे याआधी तक्रार आली होती का, या प्रश्नावर प्राचार्यांनी उत्तर दिले नाही.’

लांबी जवळपास तेवढीच. पहिल्यात ती ‘गेली’, दुसऱ्यात तिला ‘बोलावलं’. पहिल्यात ती ‘एकटीच’ होती, जणू प्रॅक्टिकलच्या सरांकडे मुलीने वरात घेऊन जायचं असतं. पहिल्यात ती आमिषाला भुलली, दुसऱ्यात तिला धमकावलं. प्रॅक्टिकलचे आणि इंटर्नलचे मार्क ज्याच्या हातात, त्याने ‘ये’ म्हटल्यावर विद्यार्थिनीने काय करायचं असतं? पहिली बातमी वाचून बाप म्हणतो, उद्यापासून कॉलेज बंद. दुसरी वाचून बाप विचारतो, ही तक्रार समिती काय भानगड आहे?

माझा सगळा जीव अडकलाय तो इथे. खेड्यातून एसटीने येऊन शिकणाऱ्या मुलींचं शिक्षण फार बारीक दोऱ्याला लटकलेलं असतं. २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. चांगलं केलं. पण फी माफ झालेली मुलगी घरी बसवायला एक ‘खळबळजनक’ मथळा पुरतो. गावात चर्चा होते, आत्या फोन करते, आणि पुढच्या लग्नसराईत पोरीचं लग्न उरकलेलं असतं. होस्टेलचं गेट नऊऐवजी सातला बंद होतं. लायब्ररी मुलींसाठी पाचला संपते. ज्याने केलं त्याचं काय, तर ‘सक्तीच्या रजेवर’. म्हणजे पगार चालू, घरी बसून.

आणि ती अंतर्गत तक्रार समिती. यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत, प्रत्येक कॉलेजला लागू. समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा हवा, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख असे वरच्या खुर्चीतले लोक समितीवर नकोत, म्हणजे दबाव येणार नाही. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. किती कॉलेजांत ही समिती फक्त नॅकची टीम येते तेव्हा फलकावर उगवते? ही बातमी आहे. यात खळबळ नाही, म्हणून ती होत नाही. तक्रार झाल्यावर ९१ व्या दिवशी फोन करून ‘अहवालाचं काय झालं?’ एवढं विचारणं ही बातमी आहे.

तेव्हा माझं मागणं साधं आहे.

पत्रकार मित्रांना: प्रेस नोट जशीच्या तशी चिकटवू नका. कर्ता लिहा, ‘तक्रारीनुसार’ लिहा, मुलीचं गाव-वर्ग-विषय काढून टाका, तिच्या कपड्यांचं, वेळेचं, सोबत कोण होतं याचं वर्णन काढून टाका. दहा मिनिटं लागतात. पान दहा मिनिटांनी उशिरा सुटलं तर आभाळ कोसळत नाही.

संपादक-मालकांना: संस्थेने तक्रार दाबल्याचं समोर आलं, तर संस्थेचं नाव छापायची हिंमत ठेवा. मुलीची ओळख झाकायची ती बाकीचे तपशील गाळून झाकता येते.

वाचकांना: ‘ती कोण?’ असं कुणी विचारलं तर सांगू नका. माहीत असलं तरी. आणि ‘तो कोण, आणि कॉलेजने काय केलं?’ हे मात्र विचारा. आम्हालाही विचारा, कमेंटमध्ये, फोन करून, ऑफिसात येऊन.

पालकांना: प्रवेशाचे दिवस आले की कॅम्पस, बिल्डिंग, प्लेसमेंट बघायला जाताच. जाल तेव्हा ऑफिसात एक प्रश्न जास्तीचा विचारा. ‘तुमच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण कोण आहे, आणि त्यांचा नंबर कुठे लावलाय?’ समोरचा गडबडला तर समजून घ्या. आणि काय उत्तर मिळालं ते इथे खाली लिहा, कॉलेजच्या नावासकट. मुलींची नावं मात्र कुणीही लिहायची नाहीत. लिहिली तर कमेंट उडवीन, मग तो कितीही जवळचा असो.